उणे २६० अंशांवर रिअॅक्शनचा स्पीड कसा मोजतात?

थंडीत केमिकल रिअॅक्शन मंदावतात, हे आपण शाळेत शिकलोय. मग ताऱ्यांच्या मधल्या ढगांत, जिथे तापमान उणे २६३ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, तिथे सगळं ठप्पच व्हायला हवं ना? पण तिथे तर मिथेनॉलसारखे रेणू सापडतात! म्हणजे नुसता अंदाज चालणार नाही, मोजावंच लागेल.

मोजायचं काय?

रॅडिकल, म्हणजे ज्यात एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असतो असा कण. उदाहरणार्थ ओएच किंवा सीएन. हे कण भेटेल त्याच्याशी रिअॅक्शन करायला टपलेले असतात.

अडचण कुठे आहे?

भांडं इतकं थंड केलं, तर बहुतेक वायू त्याच्या भिंतीवरच गोठून बसतात.

मग भिंतच नको!

फ्रान्समध्ये बर्ट्रांड रो यांनी १९८०च्या दशकात 'क्रेसू' नावाची पद्धत तयार केली. यात वायू एका खास आकाराच्या लावाल नॉझलमधून व्हॅक्यूम चेंबरमध्ये सोडतात. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडली की थंड लागते, तसंच इथे होतं, फक्त कैक पटींनी जास्त. सगळे रेणू ध्वनीपेक्षा जास्त वेगाने एकाच दिशेला धावतात. एक्स्प्रेसवेवर सारख्याच स्पीडने चाललेली शेजारची गाडी आपल्याला जागेवरच दिसते ना? तसंच. एकमेकांच्या तुलनेत रेणू जेमतेम हलतात, आणि यालाच आपण 'थंड' म्हणतो.

हा खेळ एक मिलिसेकंदही टिकत नाही. ९६० एफपीएस स्लो-मोची एक फ्रेम यापेक्षा मोठी असते! त्यामुळे वायूला गोठायला वेळच मिळत नाही.

स्पीड कसा कळतो?

१. पहिला लेझर रेणू फोडून रॅडिकल तयार करतो.
२. काही मायक्रोसेकंदांनी दुसरा लेझर त्यांना चमकवतो. चमक जितकी कमी, तितके रॅडिकल संपलेले.
३. दोन लेझरमधलं अंतर बदलत पुन्हा पुन्हा मोजतात.
४. मग दुसऱ्या वायूचं प्रमाण बदलून बघतात. त्यानुसार रॅडिकल किती लवकर संपतात, यावरून रिअॅक्शनचा वेग निघतो.

निकाल काय आला?

१९९०च्या दशकात बर्मिंगहॅमच्या इयान सिम्स आणि इयान स्मिथ यांनी रो यांच्या साथीने सीएन आणि ऑक्सिजनची रिअॅक्शन १३ केल्विनपर्यंत (उणे २६०) मोजली. थंडी वाढली तशी ती आणखी वेगवान झाली!

२०१३ मध्ये लीड्स विद्यापीठाच्या टीमने ओएच आणि मिथेनॉलची रिअॅक्शन तपासली. २०० केल्विनपेक्षा ६३ केल्विनला ती जवळपास १०० पट वेगवान निघाली. कारण थंडीत दोघे एकमेकांना जास्त वेळ चिकटून राहतात. त्या वेळात हायड्रोजनला ऊर्जेचा डोंगर चढायची गरज पडत नाही, तो क्वांटम टनेलिंगने आरपार जातो.

म्हणून गरम तापमानाचा ग्राफ तसाच पुढे ओढून अवकाशातली केमिस्ट्री कळत नाही. तिथली थंडी इथे तयार करूनच मोजावं लागतं.