किल्लारीच्या भिंती काय सांगतात?

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून मराठवाड्यातली किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली. जगाच्या मानाने भूकंप मध्यमच होता, पण हजारो माणसे आपल्याच घरांखाली गाडली गेली.

त्या घरांच्या भिंती दोन-तीन फूट जाड, दिसायला भक्कम. पण प्रत्यक्षात बाहेरचा आणि आतला असे दगडांचे दोन स्वतंत्र थर आणि मधे माती व कपच्यांची भर. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच घातलेला. हादरे बसले की मधली भर खाली दबते, थरांना बाहेर रेटते, भिंतीला पोट सुटते आणि ती ढासळते. वर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर. गळू नये म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी त्यावर माती चढवायची. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती साचली, तर डोक्यावर सहा-सात टन वजन होते आणि वजन जितके जास्त तितका भूकंपात घरावर येणारा जोरही मोठा. याउलट, अनेक घरांत लाकडी खण, म्हणजे खांब-तुळयांचे सांगाडे, उभे राहिले आणि भोवतीच्या भिंती तेवढ्या कोसळल्या.

म्हणजे मारेकरी दगड नव्हता, बांधणी होती. पण लोकांच्या मनात दगडाची धास्ती बसली. नव्या जागी वसवलेल्या पन्नासहून अधिक गावांत सरळ रस्ते आणि शहरी वसाहतींसारखी काँक्रीटची घरे आली. बैल कुठे बांधायचे, कडबा कुठे रचायचा, भाऊबंदांनी जवळजवळ कसे राहायचे, हे नकाशात नव्हते. पुढे काहींनी नव्या घराला लागूनच पुन्हा दगडाची भिंत घातली, तीही आरपार दगडाविना. हे अपयश मला लोकांचे वाटत नाही. घर कसे वापरले जाते हे समजून घेणे वास्तुविशारदाचे काम होते.

दुरुस्ती-मजबुतीकरणाचा दुसरा मार्ग जास्त शहाणपणाचा होता. माळवदाची माती कमी करायची, भिंतीला आरपार भोक पाडून त्यात वाकवलेली सळी ठेवून काँक्रीट भरायचे, खणाला तिरके आधार द्यायचे. घरमालकच काम करवून घेत. गावोगावच्या महिला ‘संवाद सहायक’ म्हणून ही माहिती घरोघर पोचवत. असे ज्ञान गवंड्याच्या हातात उतरले तरच टिकते, आणि त्यासाठी वास्तुविशारदाला गावात मुक्काम ठोकावा लागतो.

१९९३ साली हा भाग भूकंप नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या नकाशाने त्याला तिसऱ्या पट्ट्यात टाकले. माळवदाची घरे मराठवाड्यात अजून आहेत. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी गवंड्यांना सोबत घेऊन प्रत्येक घरात तीन गोष्टी बघाव्यात: माती किती साचली आहे, भिंतीला कुठे पोट आले आहे आणि खांब-तुळईचा सांधा घट्ट आहे का. त्यासाठी भूकंपाची वाट बघण्याची गरज नाही. पावसाळ्याआधी माळवदावर माणसे चढतातच, तेव्हाच हे काम करता येईल.