सूर्याच्या विजेचा तलाव

उन्हाळी सुट्टीपूर्वी विज्ञानाच्या तासाला नववीतील एका विद्यार्थिनीने आम्हांस मोठ्या अभिमानाने सांगितले की, गच्चीवर सोलर पॅनेल बसविल्यापासून तिचे घर रात्रंदिवस सूर्याच्याच विजेवर चालते. पुरावा म्हणून तिने विजेचे बिलही आणले होते. त्यावरील देय रक्कम जवळजवळ शून्य होती. तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "मग रात्री सूर्य कोठून येतो?" वर्ग हसला. आम्हीही हसलो, परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. त्याचे उत्तर तासाच्या उरलेल्या दहा मिनिटांत देणे शक्य नव्हते, म्हणून येथे देत आहोत.

खरी गोष्ट अशी की, दुपारी त्या गच्चीवर जी जादा वीज निर्माण होते ती तारांवाटे शेजारीपाजारी वापरली जाते, आणि रात्री त्या घरात जी वीज येते तिचा बराचसा भाग वणाकबोरीसारख्या केंद्रांत कोळसा जाळून तयार झालेला असतो. दिलेले युनिट आणि घेतलेले युनिट यांची वजाबाकी होऊन बिल शून्यावर येते. हिशेब जुळतो तो वहीत. कोळशाची राख मात्र वजा होत नाही.

आता आपल्या पाणीगेटकडे पाहू. जुन्या बडोदे शहराच्या चार दरवाजांपैकी पूर्वेचा हा दरवाजा. येथून निघणारा रस्ता थेट आजव्याला जातो. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत 1885 साली आजवा तलावाचे काम सुरू झाले व 1892 मध्ये ते पुरे झाले. पाऊस चार महिने पडतो आणि तहान बारा महिने लागते, या साध्या अडचणीवर तो तलाव हे उत्तर होते. तलावाची जागाही अशी निवडली की पाणी केवळ उताराने शहरापर्यंत वाहत यावे. आकाशातून पडणारे पाणी त्यामुळे वाढले नाही. पावसाची वेळ आणि गरजेची वेळ यांची सांगड मात्र बसली.

विजेच्या बाबतीत आज आपण आजव्यापूर्वीच्या बडोद्यासारखे आहोत. उजेडाचा पाऊस भरपूर आहे. आपल्याच जिल्ह्यात वडोदरा शाखा कालव्यावर 10 मेगावॅटचे सौर केंद्र असून 2015 च्या जानेवारीत संयुक्त राष्ट्रसंघाचे तत्कालीन सरचिटणीस बान की मून यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. कच्छच्या रणात खावडा येथे तर 30,000 मेगावॅटचे ऊर्जा उद्यान उभे राहत आहे. परंतु सायंकाळी सात वाजता, जेव्हा घरोघरी दिवे, पंखे व वातानुकूलन यंत्रे एकदमच सुरू होतात, तेव्हा ही सर्व पॅनेले काळ्या फरशीइतकीच निरुपयोगी असतात.

ही ओढाताण प्रत्यक्ष सांभाळणारे ठिकाण आपल्याच शहरात आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. गोत्री रस्त्यावर राज्याचे भार प्रेषण केंद्र आहे. संपूर्ण गुजरातेत या क्षणी किती वीज निर्माण होत आहे आणि किती वापरली जात आहे, यावर तेथे अहोरात्र नजर ठेवली जाते. कारण तारांमध्ये वीज साठून राहत नाही. वापर वाढला आणि निर्मिती मागे पडली की विद्युत्प्रवाहाची आवर्तने सेकंदाला 50 च्या खाली उतरू लागतात. ती 49.90 ते 50.05 या अरुंद पट्ट्यात राहावीत असा नियम आहे. ढग आला म्हणून सबब सांगता येत नाही.

मग साठवण करावी तरी कशी? जुना मार्ग पाण्याचाच. सह्याद्रीच्या कड्यावर घाटघर येथे 250 मेगावॅटचे केंद्र 2008 पासून हे काम करते. मागणी कमी असताना खालच्या जलाशयातील पाणी वर चढवायचे व गरजेच्या वेळी ते खाली सोडून जनित्रे फिरवायची. मार्ग उत्तम आहे. पण त्याला किती पाणी व किती उंची लागते, हे विद्यार्थ्यांनी स्वतः मांडून पाहावे. एक युनिट म्हणजे 36 लक्ष जूल. गणित केल्यास दिसेल की, एवढी ऊर्जा साठविण्यास हजार लिटर पाणी 367 मीटर उंच, म्हणजे पावागडाच्या जवळजवळ निम्म्या उंचीवर, चढवावे लागेल. तेही केवळ एका युनिटासाठी! सपाट मैदानात डोंगर आणायचा कोठून?

दुसरा मार्ग बॅटरीचा. अनेक घरांत जिन्याखाली इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी असते. ती पन्नास किलोंहून जड असते, दीड-पावणेदोन युनिट साठविते आणि चार-पाच वर्षांत थकते. गावे व शहरे त्यावर चालणार नाहीत. म्हणून सध्या मोठ्या साठवणीसाठी लिथियमचे घट वापरतात. त्याचे उदाहरण महेसाणा जिल्ह्यातील मोढेरा. जेथे हजार वर्षांपूर्वी सूर्यमंदिर उभारले गेले, तेच गाव 9 ऑक्टोबर 2022 रोजी चोवीस तास सौर विजेवर चालणारे गाव म्हणून जाहीर झाले. जवळच्या सुज्जनपुरा येथे 6 मेगावॅटचे सौर केंद्र व 15 मेगावॅट-तासांची, म्हणजे 15,000 युनिटांची, बॅटरी आहे. मागच्या बाकावरील मुलाच्या प्रश्नाचे उत्तर तेथे लोखंडी पेट्यांत भरून ठेवलेले आहे.

या पेट्यांची किंमत हाच खरा अडसर होता, आणि तो झपाट्याने दूर होत आहे. बॅटरी केंद्राचे भाडे दरमहा एका मेगावॅटमागे किती, या हिशेबाने निविदा निघतात. 2022 साली देशातील पहिल्या मोठ्या निविदेत हा दर सुमारे 10 लाख 84 हजार रुपये आला होता. 2024 च्या प्रारंभी बडोद्यातच मुख्य कचेरी असलेल्या गुजरात ऊर्जा विकास निगमाच्या निविदेत तो साडेचार लाखांच्या आत आला. दोन वर्षांत निम्म्याहूनही खाली! घटांतील महागडे कोबाल्ट काढून लोह व फॉस्फेट वापरू लागल्याचा यात मोठा वाटा आहे.

तरीही लिथियम उरतेच. ते ऑस्ट्रेलिया व चिली येथून निघते, शुद्ध होते बहुतांशी चीनमध्ये, आणि त्याचा भाव 2022 मध्ये गगनाला भिडून पुढील दोन वर्षांत कोसळला. ज्या वस्तूचा भाव असा हेलकावे खातो आणि जिची खाण आपल्या हाती नाही, तिच्यावर कोट्यवधी घरांचे दिवे टांगून ठेवावेत काय? आम्हांस ते शहाणपणाचे वाटत नाही.

येथे मिठाची आठवण होते. आवर्त सारणीत लिथियमच्या बरोबर खाली सोडियम आहे. दोघांचे गुणधर्म भावंडांसारखे. पण सोडियम पृथ्वीच्या कवचात शेकड्याला दोन भागांहून अधिक आहे, शिवाय सारा समुद्र त्याने भरलेला आहे. भारतातील बहुतेक मीठ गुजरातेतच पिकते. बडोदे संस्थानाचा एक तुकडा पार द्वारकेजवळ ओखामंडळात होता. तेथे कपिलराम वकील यांनी महाराजांच्या आश्रयाने मिठागरे उभारली आणि 1939 साली मिठापूर येथे टाटांचा रसायनांचा कारखाना निघाला. मीठ व चुनखडी यांपासून तेथे सोडा अॅश तयार होते. सोडियम घटाच्या कच्च्या मालात हीच भुकटी येते.

घटाचे कार्य समजण्यास सोपे आहे. त्यात दोन विद्युदग्रे असतात व मध्ये द्रव. घट भरताना सोडियमचे धनभारित कण एका अग्रातून निघून दुसऱ्यात जाऊन बसतात. वीज घेताना ते परत येतात, आणि इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून आपले दिवे लावीत जातात. अडचण एवढीच की सोडियमचा कण मोठा. लिथियमच्या घटात वापरतात त्या ग्रॅफाइटच्या थरांत तो नीट शिरत नाही. म्हणून नारळाच्या करवंटीसारख्या पदार्थांपासूनही करता येणारा, वेडावाकडा रचलेला कठीण कोळसा वापरतात. एक लाभही होतो: लिथियमच्या घटात एका अग्राला तांब्याचा पत्रा लागतो, येथे दोन्हीकडे स्वस्त अॅल्युमिनियम चालते.

हे काम महाराष्ट्रातही झाले आहे. पुण्याच्या आयसर संस्थेतील डॉ. सतीशचंद्र ओगले यांच्या संशोधनाच्या साहाय्याने केपीआयटी कंपनीने 2023 च्या डिसेंबरात आपले सोडियम घटाचे तंत्र जाहीर केले. एका किलोत 100 ते 170 वॅट-तास साठतील, असे कंपनीने सांगितले. चीनच्या हुबेई प्रांतात तर 2024 च्या जूनमध्ये एक लाख युनिटांचे सोडियम बॅटरी केंद्र सुरू झाले.

दोषही सांगितले पाहिजेत. तेवढ्याच विजेसाठी सोडियमचा घट सामान्यतः लिथियमहून जड होतो, म्हणून मोटारीला तो अडचणीचा. पण जी पेटी विद्युत उपकेंद्राच्या आवारात वीस वर्षे एकाच जागी बसायची, तिला वजनाची काय मातब्बरी? दुसरा दोष अधिक गंभीर आहे. लिथियमचा भाव कोसळल्यामुळे सोडियमची स्वस्ताई अद्याप कागदावरून बाजारात पुरतेपणी उतरलेली नाही. मोठे कारखाने निघाल्यावाचून ती उतरणार नाही, आणि स्वस्त झाल्यावाचून मोठे कारखाने निघण्यास वेळ लागतो.

हे सर्व सांगून झाल्यावर त्या विद्यार्थिनीने आम्हांस विचारले, "सर, आमच्या घराला रात्री सहा युनिट लागतात. त्यासाठी मीठ किती लागेल?" फळ्यावर गणित मांडले. घटाचा दाब 3 व्होल्ट धरला तर एका युनिटामागे सुमारे 286 ग्रॅम सोडियमची ये-जा होते. तेवढे सोडियम 727 ग्रॅम मिठात असते. घटातील सर्वच सोडियम कामास येत नाही, म्हणून किलोभर धरू. सहा युनिटांस सहा किलो मीठ, तेही एकदाच. ते रोज खर्च होत नाही. पाच माणसांच्या स्वयंपाकघरात एवढे मीठ साधारण चार महिन्यांत संपते, असे तिने दुसऱ्या दिवशी आईला विचारून येऊन सांगितले.