सर्जाचा रफार

पोळा जवळ आला की मारेगावात चामड्याच्या कामाचा रोख पायांवरून मानेवर जातो. एरवी चपलांचे अंगठे, दप्तरांचे बंद, कमरेचे पट्टे. श्रावण अमावास्येच्या आधी मात्र बैलांचे गळपट्टे: पितळी घुंगरं, लाल गोंडे आणि मधोमध बैलाचं नाव. वणीहून करंजीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा हा कापसाचा तालुका. ट्रॅक्टर आले, जोड्या कमी झाल्या. पण ज्याच्या दावणीला जोडी उरली आहे, त्याची हौस कमी झालेली नाही. रंगाने लिहिलेलं नाव पावसात उडतं, म्हणून नाव ठशाचंच हवं असतं.

ज्या काकांकडे बसून मी हे काम पाहिलं, त्यांचा स्टॉल पत्र्याचा आहे, गटई कामगारांना सरकारी योजनेतून मिळतो तसा. समोर दगडी पाटा, त्यावर रापी, आरी, कर्कटक, लाकडी मोगरी. ठसे बिस्किटांच्या डब्यात. ऑर्डर होती एका जोडीची, राजा आणि सर्जा.

इंग्रजी अक्षरांचा संच बाजारात तयार मिळतो. सत्तावीस नग: सव्वीस अक्षरं आणि एक ‘आणि’चं चिन्ह. खाली रेघ आखायची, अक्षरं तिच्यावर उभी करत जायची. मराठी नावाला ही रीत चालत नाही. आपली अक्षरं तोरणाच्या पानांसारखी वरच्या दोरीला टांगलेली. खालची टोकं कुठेही जावोत, वर सगळी एका रेषेत हवीत. म्हणून काका आधी कर्कटकाचं एक टोक पट्ट्याच्या वरच्या काठाला टेकवून दुसऱ्या टोकाने ओरखडा ओढतात. पट्टा थोडा वाकडा कापला गेला असला तरी ओरखडा काठाला समांतरच जातो, आणि बघणाऱ्याची नजर काठालाच धरून असते.

पण हा ओरखडा काठापासून किती खाली घ्यायचा, हे राजा ठरवत नाही, सर्जा ठरवतो. ‘राजा’ला डोक्यावर काही नाही. ‘सर्जा’ला रफार आहे, तो रेघेच्या वर चढतो. दोन्ही पट्टे जोडीने दिसणार, मग रेघ दोन्हीकडे एकाच उंचीवर हवी. राजाच्या डोक्यावर त्यामुळे जरा जास्त जागा मोकळी राहते. राहू द्यायची.

ठशांवर शिरोरेघ नाही, हे डबा उघडल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं. प्रत्येक ठशाला आपापली रेघ असती तर दोन अक्षरांच्या सांध्यावर एकतर फट पडली असती, नाहीतर दोनदा ठोका बसून तिथे खड्डा. काका अक्षरं ओरखड्याला टेकवून ठोकतात आणि रेघ शेवटी, लोखंडी पट्टी धरून, एका ओढीत घालतात. आधीचा ओरखडा तिच्याखाली गडप होतो.

आता अंतर. मी मनाशी धरलं होतं, दर दोन अक्षरांत सारखं अंतर ठेवायचं, संपलं. काकांनी रद्दी कागदावर ठसे शाईत बुडवून ‘राजा’ उमटवला आणि पट्टीने मोजून सारखीच अंतरं ठेवली. नाव फुटलेलं दिसलं. र एकीकडे, बाकीचे दुसरीकडे. र ला उजवीकडे उभा दांडा नाही, त्याच्या कुशीत पोकळी राहते; त्यापुढे काना आला की ती पोकळी अंतरात मिळून मोठी दिसते. ज ला स्वतःचा दांडा आहे, त्याच्या शेजारचा काना दांड्याला दांडा असा उभा राहतो, तिथे उलट जरा श्वास लागतो. म्हणून र चा काना आत ओढायचा, ज चा किंचित बाहेर. ढ, द, ट यांचीही तीच गत. “पट्टीनं मोजा, पण मंग डोयानं पाहा,” असं त्यांचं म्हणणं.

कागदावर पसंत पडलेलं नाव कापून त्याची घडी घातली की मध्य सापडतो. तो पट्ट्याच्या मध्याशी जुळवून कागदाच्या काठाने खुणा केल्या की ठोकायचं तेवढं उरतं.

हेच गणित छापखान्यांनी फार आधी सोडवलं होतं. निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी यांनी सुरुवात केली ती अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्यापासून. खिळ्याची बाजू घासली नाही तर शेजारचा खिळा लागून बसत नाही. काकांच्या डब्यातला काना दोन्ही बाजूंनी कानशीने घासून पातळ केलेला आहे, कारण जाड ठसा शेजारच्या अक्षरावर टेकतो आणि पुढचं अक्षर दिसतच नाही. ठशाच्या अंगावर एका बाजूला खाच आहे. ती अंगठ्याखाली आली की अक्षर सुलटं. उलट्या कोरलेल्या अक्षराकडे बघत बसायला वेळ नसतो.

कातडं पाठीकडचं घेतात, पोटाकडचं ताणतं. तेही साल-हिरड्यात कमावलेलं. क्रोमने कमावलेल्यावर ठसा उमटतो आणि उसळून पुन्हा फिका पडतो. फडक्याने ओलं केलं की ते काळपट होतं. लगेच ठोकलं तर अक्षराच्या कडा फुगतात. रंग मूळचा दिसू लागला, पण गालाला लावल्यावर गार लागलं, की वेळ झाली. त्यानंतर गप्पा बंद.

ठोका एकच. दुसऱ्यांदा ठोकलं की अक्षराला सावली येते. पण एकच म्हणजे सारखाच नव्हे. स ला टेकायला भरपूर जागा, त्याला मोगरी जोरात लागते. काना म्हणजे नुसती कड. तेवढ्याच जोराने मारला तर कातडं चिरतो. नवशिक्याच्या कामात काने खोल आणि अक्षरं उथळ असतात, ते यामुळे. ठशांमध्ये रफार सगळ्यांच्या शेवटी. तो ज वर नव्हे, कान्याच्या डोक्यावर. जरा डावीकडे सरकला की सगळं नाव झुकल्यासारखं वाटतं. त्या एका ठोक्याआधी काकांनी चष्मा पुसला. “बसला तं बसला, नाही तं पट्टा गेला.”

बकलाची आणि घुंगरांची भोकं मात्र नाव झाल्यावर पाडायची. ओलं कातडं ठोकताना थोडं लांबतं, आधीच भोकं पाडली तर मध्य सरकतो. शिवाय जोडीत कोण डावीकडे जुंपला जातो, हे विचारून घ्यावं लागतं. नाव बाहेरच्या अंगाला दिसायला हवं. डाव्या बैलाचं नाव तोंडाकडून खांद्याकडे वाचलं जातं, उजव्याचं खांद्याकडून तोंडाकडे. त्यामुळे बकलाची दिशा दोन पट्ट्यांत उलटी पडते. न विचारता केलेला पट्टा नाव डोक्यावर घेऊन परत येतो.

मालक संध्याकाळी आला. दोन्ही पट्टे शेजारी धरून त्याने आधी रेघ पाहिली, मग म्हणाला, “सर्जाचं नाव मोठं दिसते, काका.” मोठं नव्हतं, स रुंद, र अरुंद, एवढंच. काकांनी कागदाची पट्टी काढून मोजून दाखवलं, पण त्याचं समाधान झालं नाही. शेवटी राजाच्या दोन्ही बाजूंना एकेक फुलाचा ठसा मारून नाव भरलं, तेव्हा तो खूश झाला. जाता जाता गाईसाठीही पट्टा सांगून गेला. नाव लक्ष्मी. डब्यात अर्धा क्ष नाही. जुन्या, झिजलेल्या क्ष चा दांडा कानशीने उडवून तो करावा लागेल. आणि दुसऱ्या वेलांटीची कमान म च्या मापाची आहे की नाही, तेही बघावं लागेल. काकांनी पोळ्यानंतरचा वायदा दिला आणि लक्ष्मीचे पैसे वेगळे सांगितले.