बिघडलेल्या आट्यांची साक्ष

सीएनसी लेथवर आटे पाडताना चकात धरलेला जॉब फिरतो आणि टूल सरकते. एम १० चा, १.५ मिलिमीटर पिचचा बोल्ट असेल, तर जॉबच्या एका फेऱ्याला टूल बरोबर १.५ मिलिमीटर पुढे गेले पाहिजे. जुन्या लेथवर गिअर आणि लीडस्क्रू या दोन्ही हालचाली जखडून ठेवत. सीएनसीत तसा लोखंडी दुवा नसतो. चक फिरवणारा स्पिंडल किती फिरला हे एन्कोडर कळवतो आणि त्या शब्दावर विसंबून कंट्रोलर टूल हलवतो. म्हणून एन्कोडरमध्ये दोष आला की तो बहुधा आधी आट्यांत दिसतो, अलार्म नंतर येतो.

एन्कोडरमधल्या काचेच्या चकतीवर बारीक रेघा असतात, बऱ्याच मशिनवर १०२४. रेघांमधून प्रकाश ये-जा करतो तसे ए आणि बी हे दोन सिग्नल तयार होतात. त्यांच्यात पाव आवर्तनाचा फरक असल्याने दिशाही कळते आणि एका फेऱ्यात ४०९६ पर्यंत मोजता येते. तिसरा झेड सिग्नल फेऱ्यात एकदाच येतो. आटे एका दमात पडत नाहीत. टूल अनेक वेळा, म्हणजे अनेक पासमध्ये, त्याच खाचेतून जाते आणि दर वेळी झेड आल्यावरच निघते.

भोसरीत काय किंवा शिरोलीत काय, आटे बिघडले की नवा एन्कोडर मागवायची घाई होते. तो महाग असतो आणि अनेकदा निर्दोषही. त्याआधी बिघडलेला जॉब हातात घेऊन नीट पाहावा.

नट पहिले काही आटे सहज चढतो आणि मग अडकतो, तर पिच चुकली आहे. प्रत्येक फेऱ्यात १०२४ पैकी १० पल्स हरवत असतील, तर कंट्रोलरला स्पिंडल सुमारे एक टक्का हळू वाटतो आणि टूलही तेवढेच मागे राहते. वीस आट्यांत ही तूट जवळजवळ ०.३ मिलिमीटर होते. पिच बरोबर, पण आट्यांच्या कडा दोनदा कापल्यासारख्या असतील, तर पल्स मोजले जात आहेत, सुरुवातीची जागा हलते आहे. इथे झेडवर संशय घ्यावा, किंवा दोन पासच्या मध्ये दात सोडणाऱ्या, एन्कोडर फिरवणाऱ्या टायमिंग बेल्टवर. दोन पासच्या मध्ये स्पिंडलचा वेग बदलला तरी हेच होते, कारण टूल हलवणाऱ्या सर्व्होचे मागे राहणे वेगानुसार बदलते. तिथे मशिनमध्ये काहीच बिघडलेले नसते.

पुढची कसोटी हाताने करायची. स्पिंडल ड्राइव्ह बंद करून चक सावकाश फिरवावा आणि डायग्नोस्टिक स्क्रीनवरचा आकडा पाहावा. एका फेऱ्यात मोजणी चुकली, तर दोष जवळच आहे: सैल कपलिंग, झिजलेला बेल्ट, किंवा सील गळून चकतीवर बसलेला कूलंटचा थर. हाताने सगळे बरोबर आणि वेगात मात्र गोंधळ, तर मी आधी केबल पाहीन.

केबलचा हा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. ३००० आरपीएमला एकट्या ए सिग्नलचे सेकंदाला ५१,२०० पल्स येतात आणि शेजारून ड्राइव्हची पॉवर केबल गेलेली असते. म्हणून प्रत्येक सिग्नल दोन तारांवर, एक सरळ आणि एक उलटा, असा पाठवतात. बाहेरचा गोंगाट दोन्हींवर सारखाच चढतो आणि वजाबाकीत निघून जातो. दोन्हींपैकी एक तार तुटली तरी कधी कधी काम चालू राहते, फक्त हे संरक्षण संपते. असे मशिन दिवसभर नीट चालते आणि शेजारचे मोठे मशिन सुरू झाले की चुकते. केबलच्या शील्डचे अर्थिंग तपासावे आणि पाच व्होल्टचा पुरवठा पॅनलमध्ये न मोजता एन्कोडरच्या टोकाला मोजावा. लांब, बारीक तारेत व्होल्टेज पडते.

फानुकच्या स्पिंडल अ‍ॅम्प्लिफायरवरचे अलार्मचे आकडेही हेच भेद करतात. २७ म्हणजे पोझिशन कोडरचा, म्हणजे याच एन्कोडरचा, सिग्नल तुटला, ४१ म्हणजे फेऱ्यातून एकदा येणारा सिग्नल चुकीच्या जागी आला, ४७ म्हणजे ए-बी मोजणीत विसंगती.

एन्कोडर बदलावाच लागला, तर नव्याचा झेड जुन्याच कोनात येईल असे नाही. व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या मशिनिंग सेंटरवर, एम १९ या कोडने स्पिंडल ठरावीक कोनात थांबतो आणि त्याच कोनावर टूल बदलणारा आर्म येतो. म्हणून या कोनाचा, ओरिएंटेशनचा, पॅरामीटर पुन्हा बसवून, पहिला टूल चेंज अगदी सावकाश करून पाहावा.