फियानो द्राक्षाचे पांढरे मद्य व त्याची पारख

दक्षिण इटलीत काम्पानिया प्रांतातील आव्हेल्लिनो या डोंगराळ जिल्ह्यात फियानो नावाची द्राक्षाची प्राचीन जात आहे. रोमन लेखक प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात मधमाश्यांना प्रिय असणाऱ्या ‘आपियाना’ वेलींचा उल्लेख केला आहे. ती जात फियानोच होय असे परंपरा सांगते. अभ्यासकांत मात्र एकमत नाही.

या वेलीचा मणी लहान, साल जाड व रस थोडा. फायलोक्झेरा ही मुळांवरील कीड व दुसरे महायुद्ध यांमुळे बागा खालावल्या, तेव्हा शेतकऱ्यांनी नव्या लागवडीस भरघोस पिकणाऱ्या जाती पसंत केल्या आणि फियानो नामशेष होण्याच्या बेतास आली. आपल्याकडे थॉम्पसन सीडलेसच्या प्रसारानंतर भोकरी, फकडी या जाती अशाच मागे पडल्या. अत्रिपाल्दा येथील अंतोनियो मास्त्रोबेरार्दिनो यांनी युद्धानंतर ही जात पुन्हा जोपासली. १९७८ साली येथील मद्यास स्थाननामाचे कायदेशीर संरक्षण मिळाले व २००३ साली त्याहून वरचा दर्जा लाभला. नियमाप्रमाणे त्यात निदान ८५ टक्के फियानो असावी लागते आणि हेक्टरी १० टनांहून अधिक द्राक्षे घेता येत नाहीत. नाशिकच्या बागाइतदारास ही मर्यादा चमत्कारिक वाटेल; परंतु वेलीवर घड थोडे ठेवले म्हणजे मण्यात स्वाद व साखर चांगली साठते.

तेथील वेल हिवाळ्यात निद्रिस्त असते, म्हणून छाटणी एकदाच होते. आपल्यासारखी एप्रिल व ऑक्टोबर अशी दोनदा नव्हे. उंचावरील रात्री थंड असल्याने पिकलेल्या मण्यातही आंबटपणा टिकून राहतो. द्राक्षे दाबून रस सालींपासून लगेच वेगळा करतात व बहुधा पोलादी टाक्यांत, थंड ठेवून आंबवितात.

पुढील माहिती मद्यपानाच्या शिफारशीसाठी नव्हे. मालाचे मोल कशावर ठरते ते उत्पादकास ठाऊक असावे, एवढाच हेतू आहे. पेला पांढऱ्या कापडासमोर धरावा. रंग गव्हाच्या काडासारखा फिकट पिवळा व स्वच्छ दिसावा. नंतर पेला हलकेच फिरवून वास घ्यावा. नाशपाती, फुले व हेझलनट यांची आठवण होते. (हेझलनटच्या शास्त्रीय नावातील ‘आव्हेल्लाना’ हा शब्द याच जिल्ह्यातील आव्हेल्ला गावावरून आला आहे.) घोट तोंडात क्षणभर घोळवावा. गोडी जवळजवळ नसते. जिभेच्या कडांना आंबटपणा जाणवून तोंडास पाणी सुटते, तरी घोट पाणचट लागत नाही. गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते हे अवश्य पाहावे, कारण हलका माल येथेच उघडा पडतो. मद्य १० ते १२ अंश सेल्सिअस तापमानास असावे. बर्फासारखे गार केल्यास वास दबतो, व पुष्कळ वेळा दोषही झाकला जातो.

बहुतेक पांढरी मद्ये लवकर संपविणे बरे. चांगले फियानो मात्र तीन-चार वर्षे बाटलीत राहिल्यास मधाचा व किंचित धुराचा वास धरते. कोवळ्या मालाचा रंग तपकिरी होऊन कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास आला, तर त्यास हवा लागली असे समजावे. शिरक्याचा वास आल्यास जंतूंनी मद्याचे आम्ल केले असून तो माल सुधारत नाही.