खाण तशी माती?

आमच्या आईचा मेंदू मी पाहिला तो गेल्या श्रावणात, चिंचवडच्या एका दवाखान्यात. तिला घरच्यांची नावे आठवेनाशी झाली होती. पडद्यावरच्या चित्रावर बोट ठेवून डॉक्टर म्हणाले, "हा हिप्पोकॅम्पस. स्मरणाचे मोठे काम याचे. वयाच्या मानाने जरा लहान दिसतो." शब्द मूळचा ग्रीक, आकारावरून समुद्रघोड्याचे नाव दिलेले. (मराठीची मास्तरीण मी, भलत्या वेळी व्युत्पत्ती आठवते!)

धाकटा भाऊ चाकणला मोटारींच्या सुट्या भागांची मापे तपासतो. परतताना रिक्षात तो म्हणाला, "ताई, ड्रॉइंग एकच असेल तर आपलंही माप चुकलेलंच ना?"

खाण तशी माती, असे आपण किती सहज म्हणतो! त्या रात्री मला झोप लागली नाही. मग मिळेल ते वाचत सुटले.

भावाची शंका अगदीच खोटी नव्हती. जुळ्यांच्या अभ्यासांत मेंदूच्या भागांच्या आकारावर आनुवंशिकतेचा बराच प्रभाव आढळतो. पण ही सत्ता एका जनुकाची नव्हे. २०१५ साली अनेक देशांच्या संशोधकांनी ३०,७१७ माणसांचे मेंदू आणि जनुके ताडून पाहिली. सर्वांत ठळक परिणाम दिसला तो हालचालींशी संबंधित अशा पुटामेन या भागावर. ठळक म्हणजे किती? माणसामाणसांच्या मापांत जो फरक, त्यातला अवघा ०.५२ टक्के! २०२४ च्या अभ्यासात माणसे ७४,८९८ झाली, आणि आकाराशी निगडित अशा २५४ जागा सापडल्या. थेंबे थेंबे तळे साचते ते असे; आणि सख्ख्या भावंडांनाही सगळे थेंब सारखे वाटून येत नाहीत.

शिवाय घडण निराळी, झीज निराळी. आईचा हिप्पोकॅम्पस मुळातच लहान होता की पुढे झिजला, हे एका चित्रावरून कसे कळावे? मात्र लहान हिप्पोकॅम्पस आणि अल्झायमरचा धोका यांत आनुवंशिकतेचा काही भाग सामाईक आहे, असे २०१७ च्या एका अभ्यासात दिसले. हे मी भावापासून लपवले नाही.

तो गेजचा माणूस, त्याने विचारले, "पण लहान म्हणजे कुणाच्या मापाने?" प्रश्न बिनतोड होता. हैदराबादच्या संशोधकांनी २०१९ साली १०० भारतीयांच्या मेंदूंवरून सरासरी नकाशा काढला, तो पाश्चात्त्य नकाशाहून लहानच भरला.

आईच्या रक्तात बी-१२ कमी निघाले. इंजेक्शने चालू आहेत. थोडा फरक वाटतो, कदाचित आम्हालाच. परवा भाऊ आला, तर आईने त्याला मामाच्या नावाने हाक मारली. चेहऱ्याने तो मामावरच गेला आहे. त्याने "ओ" दिली आणि तिच्याजवळ जाऊन बसला.