चिपाडावर चालणारे चक्र : वाफेचे टर्बाइन

विहिरीवरील तेलाचे इंजिन शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. त्यात इंधन नळकांड्याच्या आत जळते, दट्ट्या मागेपुढे सरकतो व त्या हालचालीचे चाकाच्या फेऱ्यांत रूपांतर करावे लागते. साखर कारखान्यातील वाफेच्या टर्बाइनची रीत निराळी आहे. इंधन बाहेर, बॉयलरच्या भट्टीत जळते. यंत्रात केवळ वाफ शिरते आणि गती प्रारंभापासूनच चक्राकार असते. इंग्लंडमध्ये चार्ल्स पार्सन्स यांनी १८८४ साली व्यवहारोपयोगी टर्बाइन तयार केले.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) हा सहकारी साखर कारखान्यांचा जिल्हा होय. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने उभारलेल्या प्रवरानगरच्या कारखान्याचे पहिले गाळप १९५०-५१ च्या हंगामात झाले. अशा जिल्ह्यात चिपाड हे घरचेच इंधन आहे.

चिपाड हेच इंधन

एक टन उसापासून सुमारे २८० ते ३०० किलो चिपाड मिळते. त्याच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. असे इंधन तेलाच्या इंजिनात चालणार नाही. भट्टीत मात्र ते उत्तम जळते. एक किलो चिपाडापासून साधारणतः दोन किलो वाफ तयार होते.

रचना व कार्य

टर्बाइनच्या बंदिस्त कवचात एक पोलादी आस असून तिच्यावरील चाकांच्या कडांना वक्र पाती बसविलेली असतात. उच्च दाबाची वाफ अरुंद तोट्यांतून वेगाने पात्यांवर आदळते व आस फिरू लागते. तिच्यावर जनित्र चालते. काही कारखान्यांत दंतचक्रांच्या साहाय्याने चरकही फिरविले जातात. भार कमीजास्त झाल्यास वेगनियंत्रक वाफेची झडप आपोआप फिरवितो. बाहेर पडणारी कमी दाबाची वाफ वाया जात नाही. तिच्यावरच उसाचा रस आटविला जातो.

निगा

वाफेबरोबर पाण्याचे थेंब गेल्यास पाती झिजतात. म्हणून सुरू करण्यापूर्वी नळांतील साचलेले पाणी काढून यंत्र हळूहळू तापवावे. बॉयलरचे पाणी शुद्ध असावे. धारव्यांना तेलाचा पुरवठा अखंड ठेवावा. यंत्र बंद केल्यावर आस थंड होईपर्यंत सावकाश फिरती ठेवावी, अन्यथा ती वाकते.

ऊस उत्पादकाचे कर्तव्य

उसाबरोबर आलेली माती भट्टीत राख वाढविते व बॉयलरच्या नळ्या झिजविते. चिपाड अधिक ओले असल्यास उष्णतेचा मोठा भाग पाणी उडविण्यातच खर्च होतो. वाफेचा दाब घसरला की गाळप मंदावते, गाड्या खोळंबतात आणि तोडलेल्या उसाचे वजन व साखर दोन्ही घटतात. हे नुकसान अखेर ऊस उत्पादकाचेच होय. यास्तव ऊस जमिनीलगत तोडून मुळ्या व माती झाडावी, पाचट शेतातच राखावे व तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांत गाळपास पोचवावा. ग्रामसेवकांनी तोडणीपूर्वी ही माहिती प्रत्येक ऊस उत्पादकास समजावून द्यावी.